उंद्रीच्या मळ्यातली अमेरिका

ग्रंथपालाकडे लोक पुस्तकं मागायला येतात, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. खामगावच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. तेवढ्या काळात लोकांनी माझ्याकडे मुलीसाठी स्थळ मागितलं, विंचवावरचा उतारा मागितला, कोर्टाच्या समन्सचा अर्थ विचारला, जलंबच्या गाडीची वेळ विचारली. मधूनमधून पुस्तकंही मागितली, नाही असं नाही. एक बाई मोलकरणीच्या हाती चिठ्ठी पाठवायच्या, की मागची कादंबरी गोड शेवटाची निघाली, या वेळी रडू येईल अशी द्यावी. मी शोधून द्यायचो. पुढच्या आठवड्यात चिठ्ठी यायची, की बरी होती, पण नायिका फार उशिरा मेली.

या अंकाच्या संपादकांनी मला अशाच गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. त्या माझ्याकडे पोतंभर आहेत. पण वय झालं की माणसाला गमती कमी आणि चुका जास्त आठवतात. माझी एक चूक आहे, ती मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नाही. ती लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावी.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, पुठ्ठ्याच्या आत खिसा चिकटवून त्यात कार्ड घालायचं. कार्ड आमच्याकडे आणि पुस्तक वाचकाकडे, एवढाच सगळा करार. खरी वर्दळ असायची ती वर्तमानपत्रांच्या दालनात. मुंबई-नागपूरचे पेपर दुपारच्या गाडीनं यायचे. ते तिरप्या फळ्यांवर पितळी दांडीखाली अडकवायचे, म्हणजे कुणी घडी करून बगलेत मारत नाही. मृत्यूच्या बातम्यांपासून वाचायला सुरुवात करणारे म्हातारे होते. कापसाचा भाव पाहून बाकीच्या पानांकडे ढुंकूनही न बघणारे व्यापारी होते. आणि संध्याकाळी येणारी चार-पाच जणांची एक बैठक होती. एक वकील, एक शाळामास्तर, एक जिनिंगमधला मुनीम, असे लोक. त्यांना ज्ञानाची खाज होती.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू यायचा, शाळेत अमेरिकेची दूध पावडर यायची, त्यामुळे अमेरिका हे नाव चुलीपर्यंत पोचलं होतं. त्याच सुमारास मुंबईच्या कुठल्याशा परदेशी कचेरीनं काढून टाकलेल्या पुस्तकांचं एक खोकं आमच्याकडे आलं. त्यात विटेएवढं जाड वार्षिक पुस्तक होतं. अमेरिकेतलं शहर, त्याची लोकसंख्या, तिथं काय पिकतं, कोणते कारखाने आहेत आणि तिथून कोणता पेपर निघतो, हे सगळं त्यात पत्त्यासह दिलेलं. ते पुस्तक कधीच कुणी घरी नेलं नाही. पण संध्याकाळच्या बैठकीला खेळ मिळाला. वकीलसाहेब पुस्तक उघडून शहराचं नाव घ्यायचे आणि मी पेपरचं नाव सांगायचं. चुकलो तर सगळ्यांना चहा माझ्याकडून.

आपल्याकडे पेपरचं नाव देवावरून, देशावरून, नाहीतर एखाद्या सद्गुणावरून ठेवतात. तिकडे तसं नाही. आधी गावाचं नाव, मग टाइम्स, पोस्ट, हेराल्ड, ट्रिब्यून यांतलं एखादं. म्हणजे आडनाव सगळ्यांचं एकच आणि फरक फक्त गावाचा. त्यामुळे पाठ करायला फार कठीण. पण अधूनमधून भलतंच नाव भेटायचं. एका गावच्या पेपरचं नाव चक्क मधमाशी. ते ऐकून मुनीम दोन दिवस हसत होता. मी रिकाम्या वेळी घोकून घोकून बरीच शहरं पक्की केली. बैठकीत मी कधी चुकलो नाही. चहा नेहमी वकीलसाहेबांच्या नावावर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं पगारापेक्षा माझा हा अभिमान मोठा झाला होता. गावात बोलबाला झाला, की वाचनालयाच्या मास्तरला अमेरिकेचे सगळे पेपर तोंडपाठ आहेत. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही, पण खामगावात पुस्तकाजवळ बसलेला माणूस म्हणजे मास्तरच.

हाच बोलबाला ऐकून गणपतआप्पा आले.

उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारची वेळ. डोक्याला पांढरं मुंडासं, हातात रिकामी टोपली, अंगाला हिरव्या मिरचीचा वास. चपला बाहेर काढून ते आत आले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तर जमिनीवर बसले. मी खुर्ची दाखवली तेव्हा कुठे तिच्या कडेला टेकले. चिखली तालुक्यातल्या उंद्रीला त्यांचा मळा होता. विहीर चांगली होती, बारा महिने भाजी निघायची. चिखलीचा बाजार जवळचा, पण खामगावला गिऱ्हाईक मोठं म्हणून ते बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावर टोपल्या टाकून इथं यायचे. माल विकून झाला की परतीच्या गाडीपर्यंत वेळ असायचा.

त्यांची हकीकत अशी. एकुलता एक मुलगा, भास्कर. शेतकी कॉलेजातून पहिला आला आणि पुढं शिकायला अमेरिकेला गेला. उंद्रीतून तेवढ्या लांब गेलेला तो पहिलाच. दीड वर्ष पत्रं येत होती, गावातले गुरुजी ती वाचून दाखवायचे. मग एकदम बंद. इकडून पाठवलेली पत्रं शिक्के मारून परत आली. युनिव्हर्सिटीला लिहिलं, तर मुलगा इथून निघून गेला, पत्ता ठाऊक नाही, एवढंच उत्तर आलं. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आप्पांना वाचता येत नव्हतं. सही तेवढी करायचे, तीही चित्र काढल्यासारखी. पण डोकं तल्लख. त्यांच्या साडूचा वेडसर भाऊ एकदा जत्रेत हरवला होता आणि पेपरात ‘हरवला आहे’ म्हणून छापल्यावर अकोल्यात सापडला होता. त्यावरून आप्पांनी हिशोब बांधला.

‘‘मास्तर, तिथल्या दर गावाचा येगळा पेपर हाय म्हन्तात. आन् तुमाले समदे पाठ हायेत म्हन्तात. मंग दर गावच्या पेपरात आपुन टाकू. कुठी ना कुठी तर असन ना तो.’’

मी त्यांना अमेरिका केवढी आहे ते समजावून सांगितलं. नकाशा काढला. त्यावर आपला जिल्हा केवढा दिसेल ते करंगळीच्या नखावर दाखवलं. सगळा पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी नकाशाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, की मग पहिलं गाव कोणतं घ्यायचं?

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची दया आली नव्हती, मला गंमत वाटली होती. माझ्या पाठांतराला एवढं महत्त्व आजवर कुणी दिलं नव्हतं. मी हो म्हणालो.

दर बाजाराच्या दिवशी दोन शहरं, असं ठरलं. मी इंग्रजीत पत्र लिहायचो. संपादक महाशय, हिंदुस्थानातल्या एका खेड्यातला बाप आपल्या मुलाचा शोध करीत आहे, आपण चार ओळी छापाव्यात. खाली मुलाचं नाव, वय, डाव्या भुवईवरची खूण. उत्तरासाठी माझं नाव आणि वाचनालयाचा पत्ता. लिहून झालं की आप्पा ते मला मराठीत परत वाचून दाखवायला लावायचे. मग ते जाताना स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकायचे आणि पेटीला हात लावून नमस्कार करायचे. शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टन, क्लीव्हलंड, असं करत करत श्रावणापर्यंत आम्ही चोवीस शहरं संपवली.

दर खेपेला आप्पा आल्या आल्या मला पहिल्यापासून सगळी शहरं म्हणायला लावायचे, त्यांच्या पेपरच्या नावांसह. मी म्हणायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, त्यांना बरं वाटतं म्हणून ऐकत असतील. इंग्रजी नावं, तीही चोवीस, त्यांच्या काय लक्षात राहणार? एक दिवस टोपलीतून चार वांगी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ही डिट्राइटची.

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. मळ्यात भाजीचे वाफे असतात, ओळीनं. पत्र टाकून घरी गेलं की ते एकेका वाफ्याला त्या शहराचं नाव द्यायचे, त्याच क्रमानं. विहिरीच्या धावेजवळचा पहिला वाफा शिकागो, त्याच्या पुढचा डेट्रॉइट. बायकोलाही सगळी नावं पाठ. ती पाणी वळवताना म्हणायची, की आज बोस्टनले पाणी कमी गेलं बापा. कुठं रोप मेलं तर तिला दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. मी हे बैठकीत सांगितलं नाही. वकीलसाहेब हसले असते आणि मला ते सहन झालं नसतं. तोवर मला त्यात गंमत वाटेनाशी झाली होती, हे माझं मला तेव्हा कळलं.

दोन-तीन संपादकांची सभ्य उत्तरं आली, की छापता येणार नाही, क्षमस्व. बाकीच्यांकडून काहीच नाही. पोळा झाला, दसरा जवळ आला आणि एका दुपारी टपालात माझ्या नावाचं पत्र आलं. पाकिटावर अमेरिकेचं तिकीट, आत मराठी अक्षर. सोबत पेपरचं एक कात्रण. आमच्या चार ओळी एका पेपरनं छापल्या होत्या. शहर होतं ओमाहा.

पत्र भास्करचं होतं. दुसऱ्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. घरी कोणत्या तोंडानं लिहायचं, म्हणून लिहिलं नाही. पोटासाठी फिरत फिरत ओमाहाला आला. ते शहर म्हणजे गुरांचा मोठा बाजार. रोज हजारो जनावरं येतात, कापली जातात आणि डबाबंद होऊन देशभर जातात. तिथल्या एका कत्तलखान्यात तो सरकत्या पट्ट्याशी उभा राहून काम करीत होता. पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या घरी पोळ्याला बैलाचे पाय धुऊन ते पाणी डोळ्याला लावतात. माझ्या वडिलांनी म्हातारा बैल विकला नाही, मळ्यात पुरला. मी इथे काय करतो ते त्यांना समजलं तर ते मला मुलगा म्हणणार नाहीत. मी मेलो असं समजू द्या, पण हे सांगू नका. आपण सुशिक्षित आहात, आपल्याला समजेल.’

शेवटच्या वाक्यानं माझा घात केला. आपण सुशिक्षित आहात.

आमच्या कामात एक अलिखित नियम असतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचणाऱ्यानं एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. तो नियम मी आयुष्यभर पाळला होता. हे पत्र माझ्या नावाचं होतं आणि लिहिणाऱ्यानं विश्वासानं लिहिलं होतं. मी ते टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. त्याच दिवशी भास्करला उत्तर पाठवलं, की बाबा रे, मी काही सांगत नाही, पण तू स्वतः घरी दोन ओळी टाक. नुसतं ‘सुखरूप आहे’ एवढं लिही. आता तो लिहील, असं धरून मी वाट पाहू लागलो. आज टाकेल, उद्या टाकेल.

बाजाराच्या दिवशी आप्पा आले. काही आलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण इतकं सहज कधी बोललो नव्हतो. पुढच्या खेपेला त्यांनी वांगी आणली. ‘‘ही उमाहाची. यंदा त्याच वाफ्याले सगळ्यात बरा बहार हाय,’’ असं म्हणून ती माझ्यासमोर ठेवली. मी घरी नेली. बायकोनं भरीत केलं. मी ताट तसंच बाजूला सारलं. तिनं कारण विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सांगून टाका. मी तिला म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.

कार्तिकात आप्पांनी सांगितलं, की घरच्या बाईनं अंथरूण धरलं आहे. ताप आहे, छातीत दुखतं, पण औषध घेत नाही. गावात लोक म्हणू लागले होते, की पोरगं गेलंच असेल, क्रियाकर्म करून मोकळे व्हा. ती म्हणायची, माझं पोरगं जित्तं हाय का नाई येवढं कोणी सांगा, मंग मी काढा पिते. हे सांगताना आप्पा माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या गुडघ्याशी तो कुलूपबंद खण होता.

मी त्या दिवशी काय विचार केला ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. सांगितलं तर ते पुढं विचारतील, कुठं आहे? मग विचारतील, काय करतो? मग पत्र वाचा म्हणतील. एक धागा ओढला की सगळं उसवणार, म्हणून गप्प बसावं. तो जिवंत आहे, एवढंच सांगता आलं असतं. पुढचं विचारलं असतं तर मला ठाऊक नाही म्हणता आलं असतं. एक खोटं बोलतच होतो, त्याऐवजी हे दुसरं बोललो असतो. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. पुस्तकांच्या कपाटांत बसून माणूस शहाणा होतो म्हणतात. झालो असेन उंटावरचा.

मी भास्करला दुसरं पत्र पाठवलं, आई आजारी आहे म्हणून. ते परत आलं. त्यानं खोली बदलली होती.

पौषात आप्पा तीन बाजार आले नाहीत. चौथ्या बाजाराला आले ते टोपलीशिवाय. डोक्याचे केस काढलेले. मी उठून उभा राहिलो. ते खुर्चीवर बसले, या वेळी नीट मागं टेकून बसले आणि म्हणाले, की तिला जाऊन तेरा दिवस झाले. समोर तिरप्या फळ्यांशी लोक पेपर वाचत होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता.

‘‘आता तिच्यासाठी शोधाचं कारन राह्यलं नाई,’’ ते म्हणाले. ‘‘पन मले म्हनवत नाई सोडा म्हून. पुन्हा एक डाव टाकू समद्या गावाले. म्हना पयल्यापासून.’’

मी म्हणू लागलो. शहर आणि त्याचा पेपर, शहर आणि त्याचा पेपर. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर डेन्व्हर म्हणालो आणि त्याच्यानंतर एकदम सिअॅटलवर गेलो. मुद्दाम सोडलं की जीभच वळली नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मुलाला नको असताना तिथं पुन्हा पत्र जाऊ नये, असं मनात कुठं तरी असेलही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या कानाला काय कळणार, असंही असेल. आम्हा लिहिणाऱ्यांना कागद असतो म्हणून आम्ही बिनघोर विसरतो. ज्याच्यापाशी कागद नाही तो काही विसरत नाही, हे मला कळायला हवं होतं.

आप्पांनी डोळे उघडले.

‘‘डिनव्हरच्या मागून उमाहा येते, मास्तर. एक वाफा कोरडा राह्यला.’’

मी चूक झाली म्हणालो. चुकून राहिलं असेल.

‘‘तुमी चुकत नाई,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘सात-आठ महिने आयकून राह्यलो मी, एकडाव चुकले नाई तुमी.’’ मग माझ्याकडे सरळ बघत विचारलं, ‘‘तिथंच हाय ना तो?’’

माझ्यानं मान वर करवेना. मी कंबरेची किल्ली काढली, खण उघडला, पत्र बाहेर काढलं. पाकिटावरची तारीख त्यांना वाचता येणार नव्हती, तरी मी ती मोठ्यानं सांगितली. आता काहीही लपवायची ताकद नव्हती. मग पत्र वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कत्तलखान्याचा मजकूर आला तेव्हा मी थांबलो. त्यांनी हातानं खूण केली, पुढं वाचा. मी मेलो असं समजू द्या, हेही वाचलं.

ते ओरडले असते, मला शिव्या दिल्या असत्या, तर माझ्यासाठी सोपं झालं असतं. त्यांनी फक्त खांद्यावर टाकलेल्या मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं.

‘‘मले तरास होईन म्हून नाई सांगतलं तुमी?’’

‘‘हो.’’

‘‘तो बैल कापते का काय कापते, तिले काय कराचं होतं मास्तर? जित्ता हाय का, येवढंच पुसत होती ती. दोन महिने पुसत होती.’’

औषध घेतलं असतं तर ती वाचली असती की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण मुलगा जिवंत असताना त्याच्यासाठी झुरत ती गेली आणि हे तिला एका शब्दात सांगू शकणारा माणूस खामगावात खुर्चीवर बसून होता. डॉक्टरच्या हातून रोगी दगावतो, वकिलाच्या हातून खटला जातो. ग्रंथपालाच्या हातून काय जाणार, फार तर एखादं पुस्तक, असं मी समजून चाललो होतो.

आप्पा म्हणाले, कागद घ्या. मी घेतला. इंग्रजी नको, मराठीतच लिहा, म्हणाले. नवीन खोलीचा पत्ता नव्हता, म्हणून त्या कत्तलखान्याच्या पत्त्यावर पाठवायचं ठरवलं. त्यांनी मजकूर सांगितला. कामाची लाज धरू नको. पोटासाठी माणूस काय काय करतो, बैल काही तू हौसेनं मारत नाहीस. विहिरीला पाणी भरपूर आहे, वांगी छान आली आहेत, तुझा वाफा सगळ्यात पुढं आहे. तुला यायचं तेव्हा ये, कोणी काही बोलणार नाही. मी भराभर लिहीत होतो, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरपी करून.

मग ते थांबले आणि म्हणाले, ‘‘आन् लिवा, तुही माय बरी हाय. वाट पाह्यते.’’

माझा हात थांबला.

‘‘लिवा,’’ ते म्हणाले. ‘‘परमुलखात एकलं हाय पोरगं. रडाले खांदा नाई तिथं. आला म्हंजे सांगू.’’

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात कपट कुठंच नव्हतं, नुसती माया होती. मीही दसऱ्याला खणाला कुलूप लावलं ते काही कपटानं लावलं नव्हतं. मी लेखणी खाली ठेवली आणि सांगितलं, ‘‘आप्पा, हे मी लिहिणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आईच्या आशेनं तो धावत येईल आणि ओसरी रिकामी बघेल. मग तुमचा चेहरा त्याला कधी बघवणार नाही. माझा तुम्हाला बघवत नाही ना आता, तसा.’’

बाहेर एसटीच्या वेळेची गडबड सुरू झाली होती, लोक टोपल्या उचलून स्टँडकडे निघाले होते. आप्पांची गाडीही तीच. ते उठले नाहीत. भिंतीकडे बघत बसून राहिले. नुकतेच काढलेले केस म्हणून त्यांचं डोकं फार लहान दिसत होतं.

‘‘मंग खरं काय ते लिवा,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘मले बोलता येत नाई. तुमीच लिवा.’’

मी लिहिलं. तुझी आई पौषात गेली. शेवटपर्यंत तुझं नाव तिच्या तोंडी होतं. त्यावर आप्पांनी मान हलवली. मग खाली त्यांनी न सांगितलेलं मी माझ्या मनानं घातलं, ‘तू जिवंत आहेस हे मला दसऱ्यापासून ठाऊक होतं. तुझ्या आईला ते मी कळू दिलं नाही. दोष तुझा नाही, माझा आहे.’ आणि त्याखाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

नेहमीप्रमाणे ते म्हणाले, वाचा. मी सगळं वाचलं, माझ्या सहीपर्यंत. ऐकून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, आपली सही माझ्या नावाशेजारी हळूहळू काढली आणि तो परत माझ्याकडे सरकवला.

‘‘टाका,’’ म्हणाले. ‘‘या खेपी तुमीच टाका.’’